धरणे सोपे, सोडणे अवघड

दरसाल दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरी माळ्यावरून एक लाकडी पेटी खाली उतरते. तिच्यावरची धूळ झटकायची, आतल्या पितळेला चिंच लावून ते चकचकीत करायचे आणि पेटी पुन्हा वर ठेवून द्यायची, असा आमचा रिवाज आहे. पेटीत तारयंत्राचा एक साउंडर आहे. तारेने आलेल्या निरोपाचे ठोके याच यंत्राने वाजत. तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, त्यांच्या पोटात लोखंडी गाभे, वर पितळेची आडवी दांडी, दांडीला गाभ्यांच्या बरोबर वर बसवलेली एक लोखंडी पट्टी आणि दोन-तीन बारीक स्क्रू, एवढाच तो सगळा संसार. आमचे आबाजी, म्हणजे माझे आजोबा, खामगावच्या तारघरात नोकरीला होते. जुने सामान मोडीत निघाले तेव्हा त्यांनी तो विकत घेऊन घरी आणला.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना आबाजींनी मला तो वाजवून दाखवला. दोन सेल जोडले, बटण दाबले की ‘कट्ट’, सोडले की ‘कडट्’. मला तो आवाज लहान वाटला. मी हळूच आणखी चार सेल जोडले. आवाज मोठा झाला खरा, पण बटण सोडले तरी दांडी वर येईना. आली तरी रेंगाळत आली. आबाजी हसले. “लय जोर देऊ नोको, बापू,” ते म्हणाले, “थे मंग धरून बसते. अन् लोखंडाले लोखंड कधी टेकू देऊ नोको.” त्यांनी कॅलेंडरचा कागद फाडून त्याची एक चिंधोटी दांडीखाली सरकवली आणि स्क्रू पिळून दांडीची खालची मर्यादा तेवढी वर घेतली. दांडी आता लोखंडाला न टेकता, कागदाच्या जाडीइतकी अलीकडेच थांबू लागली. सहा सेलांवरही ती चटकन सुटू लागली.

त्या कागदाच्या चिंधोटीत पुढच्या शंभर वर्षांच्या विद्युतशास्त्रातील एक मोठे कोडे आणि त्याचे उत्तर दडलेले आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा शास्त्रज्ञाचा आव मी आणणार नाही. पण इतिहासाच्या मास्तराला एक खोड असते. तो कोणत्याही गोष्टीला विचारतो, तू आलीस कुठून? वाचकांनी या प्रश्नाच्या मागोमाग थोडी पायपीट करावी, अशी विनंती आहे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ही गोष्ट कापसाच्या वाटेने आली. अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. मुंबईहून भुसावळवरून नागपूरला जाणारी रेल्वे मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी आमच्या जिल्ह्यातून गेली. खामगावची कापसाची बाजारपेठ मोठी, पण ती मुख्य मार्गापासून बाजूला राहिली. म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे तेरा किलोमीटरचा एक फाटा घालण्यात आला आणि 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते तो खुला झाला. रेल्वे तेथे तार, असा त्या काळचा नियमच होता. गाडीच्या आधी गाडीची खबर पोचली पाहिजे आणि गासडीच्या आधी गासडीचा भाव.

आता तारेची अडचण पाहा. लांबच्या तारेतून येता येता विजेचा प्रवाह अगदी क्षीण होतो. त्याच्याने दांडी दणक्यात वाजत नाही. म्हणून रिले नावाची युक्ती निघाली. क्षीण प्रवाहाने एक नाजूक दांडी हलवायची आणि त्या दांडीने जवळच्या ताज्या बॅटरीचा प्रवाह चालू-बंद करायचा. लहान प्रवाहाने मोठ्या प्रवाहाला हुकूम सोडायचा. आज ज्याला ड्राइव्ह सर्किट म्हणतात, त्याचे मूळ हेच. खेड्यातला कोतवाल दवंडी पिटतो आणि गाव हलते. दवंडीत गाव हलवण्याचे बळ नसते, हुकूम मात्र असतो.

पण हुकूम दोन असतात, ‘धर’ आणि ‘सोड’. प्रवाह जोराचा झाला की लोखंड चुंबक होऊन पट्टीला घट्ट धरते, आणि लोखंडाला लोखंड चिकटले की प्रवाह थांबल्यावरही थोडे चुंबकत्व उरते. मग ‘सोड’ हा हुकूम उशिरा पाळला जातो. दोन ठोक्यांमधले अंतर पुसले जाते आणि संदेशाची खिचडी होते. त्यासाठी तारबाबू स्प्रिंगचा ताण आणि स्क्रूची मर्यादा सारखी जुळवत असत. दांडी पुरती टेकण्याआधीच थांबवणे, हे त्यांच्या कसबाचे मर्म होते.

ते मर्म एका वेगळ्याच घराण्यात पुन्हा शोधावे लागले. 16 डिसेंबर 1947 रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. त्यांचे सहकारी विल्यम शॉकली यांनी पुढच्याच वर्षी त्याचा अधिक टिकाऊ प्रकार योजला. तिघांना 1956 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे ट्रान्झिस्टर म्हटले की खांद्याला लटकवलेला रेडिओ आठवतो, पण खरा ट्रान्झिस्टर त्या रेडिओच्या पोटातला, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. त्याला तीन पाय. एमिटर आणि कलेक्टर या दोन पायांमधून मोठा प्रवाह वाहतो आणि मधल्या पायात, म्हणजे बेसमध्ये, सोडलेला चिमुकला प्रवाह त्या मोठ्या प्रवाहावर हुकूम चालवतो. म्हणजे हा रिलेचाच नातू. फक्त त्याच्यात हलणारी दांडी नाही, ठोका नाही, झिजणे नाही.

नवे यंत्र जुन्याची जागा एका दिवसात घेत नाही. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली जो गणकयंत्राचा प्रपंच उभा राहिला, तो फेब्रुवारी 1960 मध्ये रीतसर कामाला लागला आणि जानेवारी 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे 2,700 काचेचे व्हॉल्व्ह होते. तोवर अमेरिकेत ट्रान्झिस्टरची गणकयंत्रे चालू झाली होती आणि त्याच संस्थेत 1964 साली ट्रान्झिस्टरवर चालणारे सीडीसी 3600 हे यंत्र आले. व्हॉल्व्ह तापे, वीज खाई, फुटे. ट्रान्झिस्टरला या खोडी नव्हत्या. पण आबाजींच्या साउंडरची खोड मात्र त्याला होती. तोही धरून बसे.

हे कसे, ते सांगण्यासाठी वाचकांना शेगावला नेतो. गजानन महाराजांच्या प्रकटदिनी मंदिरात दर्शनाची रांग लागलेली आहे असे समजा. सभागृहात माणसे येताहेत, दर्शन घेऊन पलीकडच्या दाराने बाहेर पडताहेत. पलीकडच्या दाराने जेवढी जातील तेवढीच आत आली तर सगळे सुरळीत. पण बाहेरून रेटा वाढला आणि दुप्पट माणसे आत लोटली, तर बाहेर पडण्याचा वेग काही दुप्पट होत नाही. दार तेवढेच आहे. जादा माणसे सभागृहात साचतात. मग ‘दर्शन बंद’ अशी घोषणा होऊन पुढचे दार लागले, तरी पलीकडच्या दारातून माणसे बाहेर पडतच राहतात. आतली गर्दी ओसरेपर्यंत बाहेर उभ्या असलेल्या माणसाला वाटते, दर्शन चालूच आहे.

ट्रान्झिस्टरचे नेमके असेच होते. मोठा प्रवाह किती वाहायचा, हे बाहेरच्या मोटारीने किंवा दिव्याने ठरवून दिलेले असते. बेसमध्ये गरजेपेक्षा जास्त प्रवाह ढकलला तरी तो वाढत नाही. जादा विद्युतभार ट्रान्झिस्टरच्या पोटात साचतो. या तुडुंब अवस्थेला सॅच्युरेशन, मराठीत संपृक्तता, म्हणतात. बेसचा प्रवाह तोडला तरी साचलेला भार निचरेपर्यंत ट्रान्झिस्टर चालूच राहतो. मोठ्या ताकदीच्या ट्रान्झिस्टरमध्ये ही दिरंगाई सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांची असते. आपल्याला ती काहीच नाही. पण सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होणाऱ्या यंत्राला तो वनवास आहे.

मग जादा ढकलायचेच कशाला, असे कोणीही विचारील. येथे सगळी गोम आहे. एकाच साच्यातून निघालेले दोन ट्रान्झिस्टर सारखे नसतात. एकाला चिमूटभर हुकूम पुरतो, तर दुसऱ्याला मूठभर लागतो. थंडीत गरज वाढते, उष्णतेत कमी होते. अगदी सुस्त ट्रान्झिस्टरही हमखास चालू व्हावा म्हणून सर्किट मांडणारा सर्वांनाच मूठभर देतो. जो चपळ असतो, तोच मग जास्त तुंबतो आणि सुटायला उशीर लावतो. आम्हा मास्तरांना हे वर्गात रोज दिसते. मागच्या बाकावर ऐकू जावे म्हणून चढवलेल्या आवाजाने पहिल्या बाकावरचे पोर दिपून जाते आणि पुढचा प्रश्न त्याला ऐकूच येत नाही.

यावर काहींनी सिलिकॉनमध्ये सोन्याचा अंश मिसळला. सोन्यामुळे साचलेला भार लवकर विरतो. आयबीएम कंपनीतील हॅनन युर्क यांनी 1956 मध्ये निराळाच मार्ग काढला. प्रवाह बंद करायचाच नाही, नुसता एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर वळवायचा. म्हणजे ट्रान्झिस्टर कधी तुंबणारच नाही. त्या पद्धतीची गणकयंत्रे फार वेगवान झाली, पण प्रवाह सदा वाहता असल्याने ती वीजही फार खात.

तिसरा मार्ग मला सर्वांत मनोज्ञ वाटतो. त्याच 1956 साली एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतील रिचर्ड बेकर यांनी ट्रान्झिस्टरच्या स्विचांवर एक अहवाल लिहिला. त्यांची युक्ती अशी की हुकूम येतो त्या वाटेवरून एक डायोड कलेक्टरकडे जोडून द्यायचा. डायोड म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारे दार. ट्रान्झिस्टर चालू होऊ लागला की कलेक्टरवरचा दाब, म्हणजे व्होल्टेज, खाली येते. ते तुडुंब अवस्थेच्या उंबरठ्यापाशी आले की हे दार आपोआप उघडते आणि बेसकडे निघालेला जादा प्रवाह परस्पर कलेक्टरकडे वळतो. बेसला मिळते ती फक्त गरजेपुरती भिक्षा. चपळ ट्रान्झिस्टर असेल तर जास्त वळते, सुस्त असेल तर कमी. कोण कसा आहे हे आधी मोजावे लागत नाही.

शेगावच्या रांगेत सेवेकरी उभे असतात, तसाच हा डायोड. सभागृह भरत आले की तो हात जोडून म्हणतो, माउली, आधी प्रसाद घ्या, मग दर्शन. कोणालाही हाकलून द्यावे लागत नाही आणि सभागृहही कधी कोंदत नाही. या जोडणीला पुढे बेकर यांचेच नाव मिळाले. आबाजींची कागदाची चिंधोटी दुसरे काय करत होती? पुरते टेकण्याआधी थांबवत होती, इतकेच.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. तुडुंब भरलेल्या ट्रान्झिस्टरमध्ये सुमारे 0.2 व्होल्ट वाया जातात. बेकर यांच्या पद्धतीने अलीकडे थांबवले तर सुमारे 0.7 व्होल्ट. दहा अँपिअरचा प्रवाह धरला, तर एकीकडे 2 वॅट उष्णता आणि दुसरीकडे 7 वॅट. चटकन सोडण्याची ही किंमत.

ती किंमत कमी करण्याचे श्रेय जेम्स बायर्ड यांना जाते. धातू आणि अर्धवाहक यांच्या संगमाचे शास्त्र जर्मन पदार्थवैज्ञानिक वॉल्टर शॉट्की यांनी 1938 मध्ये मांडले होते. त्यांच्या नावाचा डायोड साध्या डायोडपेक्षा कमी व्होल्टेजला उघडतो आणि त्याच्या स्वतःच्या पोटात भार साचत नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीतील बायर्ड यांनी 1964 च्या अखेरीस या डायोडला ट्रान्झिस्टरच्या अंगातच गुंफण्याच्या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला. पुढे त्यावर आधारलेली सर्किटे निघाली, तेव्हा जे काम साध्या सर्किटाला सेकंदाच्या अब्जांश भागांपैकी सुमारे दहा भाग लागत, ते तीन भागांत होऊ लागले. याच बायर्ड यांनी गॅरी पिटमन यांच्याबरोबर 1962 मध्ये अवरक्त प्रकाश देणाऱ्या डायोडच्या पेटंटसाठीही अर्ज केला होता. आपल्या दारावरच्या आजच्या दिव्यांच्या माळा त्याच कुळातल्या.

गणकयंत्रांमध्ये नंतर मॉस नावाच्या ट्रान्झिस्टरचे राज्य आले. त्याच्यात असा भार साचत नाही. आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांनी पुण्याच्या सी-डॅकमध्ये उभा केलेला ‘परम 8000’ हा महासंगणक 1991 साली आला, तोवर संगणकाच्या जगात हे दुखणे बहुतांशी इतिहासजमा होत आले होते. पण गोष्ट येथे संपत नाही. ती आमच्या जलंबच्या रुळांवर परत येते.

आज शेगाव-नांदुऱ्यावरून मालगाडी ओढणारे विजेचे इंजिन पाहा. वरच्या तारेतून घेतलेल्या विजेचे तुकडे करून त्यांतून मोटारींना तीन पदरी प्रवाह पुरवायचा, हे त्याच्या पोटातील स्विचांचे काम. प्रत्येक पदरासाठी एकावर एक असे दोन स्विच. वरचा चालू तर खालचा बंद, खालचा चालू तर वरचा बंद. आता वरच्याने सोडले नसतानाच खालच्याने धरले तर काय होईल? विजेला मोटारीत जाण्याची गरजच उरणार नाही. ती दोन्ही उघड्या दारांतून सरळ धाव घेईल आणि क्षणार्धात स्विचांचा कोळसा होईल. म्हणून दोन हुकमांमध्ये थोडे अंतर ठेवावे लागते. स्विच किती रेंगाळेल यावर ते अंतर ठरते. रेंगाळणे बेभरवशाचे असेल तर अंतर वाढवावे लागते, आणि ते वाढले की मोटारीला मिळणारी लाट वेडीवाकडी होते. अशा मोटारी चालवणाऱ्या जुन्या ट्रान्झिस्टरच्या ड्राइव्हमध्ये बेकर यांचा डायोड इमानाने राबला तो यासाठीच.

1990 च्या दशकात आपल्या रेल्वेवर तीन पदरी मोटारींची इंजिने आली, तेव्हा त्यांच्यात जीटीओ नावाचे स्विच होते. त्यांची खोड अशी की एकदा धरले की बंद करण्यासाठी मुख्य प्रवाहाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतका प्रवाह उलटा खेचावा लागे. त्यांच्या जागी पुढे आयजीबीटी आला. मद्रासमध्ये जन्मलेले आणि तेथील आयआयटीत शिकलेले जयंत बालिगा यांनी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असताना, 1980 च्या दशकाच्या आरंभी, त्याचा विकास केला. मॉसची आज्ञाधारकता आणि जुन्या ट्रान्झिस्टरची ताकद यांची त्यांनी सोयरीक जुळवली.

सोयरिकीत गुणांबरोबर खोडही आली. हजारो व्होल्टच्या कामात पोटात भार साचू देणे भागच असते, कारण त्या गर्दीमुळेच आतली वाट प्रवाहाला मोकळी होते आणि उष्णता कमी निघते. मॉसमध्ये गर्दी नाही, म्हणून तो लगेच सोडतो. पण एवढ्या व्होल्टेजला तो स्वतःच फार अडवतो. आयजीबीटी गर्दी जमवतो, म्हणून सुखाने वाहतो. पण बंद करताना त्याच्या प्रवाहाची शेपटी मागे रेंगाळते. त्याच्या आतला बेस बाहेर काढलेला नसल्याने तेथे बेकर यांचा सेवेकरी उभा करता येत नाही. तेव्हा घडवतानाच त्याच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून, भार लवकर विरेल अशी सोय करण्यात आली. कोठे किती गर्दी ठेवायची, हा हिशेब ज्याचा त्याने आपल्या कामाप्रमाणे मांडायचा.

शोधांच्या इतिहासात आपण धरण्याचे पोवाडे फार गातो. कोणी वीज धरली, कोणी वाफ धरली. सोडण्याची विद्या मात्र तारबाबूंच्या बोटांत आणि प्रयोगशाळेच्या अहवालांत पडून राहते. तिच्यावाचून एक गाडी हलत नाही, हे मुलांना कोणीतरी सांगितले पाहिजे.

आता एक कबुली देऊन पेटी मिटतो. आबाजी गेले त्या वर्षी, मी तेरा-चौदा वर्षांचा असेन, त्यांच्या आठवणीने साउंडर काढला आणि आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जावा म्हणून त्याला ट्रॅक्टरची बॅटरी जोडली. एकच दणका झाला. दांडी खाली बसली ती उठेचना, आणि मी गोंधळून तार सोडवेपर्यंत वेटोळ्यातून धूर निघाला. आबाजींनी सांगितलेली एकच गोष्ट मी त्यांच्यामागे पाळली नव्हती. घरात मी हे कोणाला सांगितले नाही. पितळ तेवढे दरसाल चमकवत राहिलो. 2013 च्या जुलैत सरकारने तारसेवाच बंद केली, तेव्हा मनात आले, आता वाजला काय आणि न वाजला काय.

यंदा आमच्या शाळेतील विज्ञानाच्या बाईंना तो दाखवला आणि सगळे सांगून टाकले. त्यांनी आठवीच्या मुलांकडून दोन्ही वेटोळी नव्याने गुंडाळून घेतली. वसुबारसेच्या आदल्या दिवशी शाळेत दोन सेल जोडून बटण दाबले, आणि तीस वर्षांनी ‘कट्ट’ असा आवाज आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. लगेच एक जण म्हणाला, “सर, अजून चार सेल लावू?”

“लाव,” मी म्हटले, आणि वहीच्या कागदाची एक चिंधोटी फाडून त्याच्या हातात दिली.